तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात ‘बिनविरोध’ का नको?

“पोरंच ती. एकमतानं मुख्यमंत्री ठरवून टाका की! प्रचार, मतदान, मोजणी, कशाला त्यांच्यात भांडणं लावता?” पालक विचारतात, सहकारी विचारतात, मागे एका केंद्रप्रमुखांनीही विचारलं. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक आली की मी हसून वेळ मारून नेते. यंदा लिहूनच टाकते.

भांडणं होतात, मान्य. निकालानंतर दोन मैत्रिणी दिवाळीपर्यंत एका बाकावर बसल्या नव्हत्या. त्यांच्या आयांनी मला काय काय ऐकवलं ते सोडा.

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत असते. सात ते सतरा सदस्य, निम्म्या जागा महिलांना, ग्रामसभा, सरपंच. मुलं घडाघडा म्हणतात. 15 जानेवारी 2021 ला राज्यात 14 हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक होती. मी तेव्हा ज्या गावात होते तिथं मात्र मतदान झालंच नाही. गाव बिनविरोध. 27 जानेवारीला पाचवी ते आठवीचे वर्ग पुन्हा उघडले आणि मी उत्साहानं हाच धडा घेतला. ताजं उदाहरण दारात होतं ना.

एका मुलीनं हात वर केला. “बाई, आमच्या आईनं फॉर्म मागं घेतला. तिला कुणी हरवलं?”

वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. देवळात बैठक झाली, नावं ठरली, त्यात हिच्या आईचं नाव नव्हतं. माघारीच्या दिवशी बाप आईला मोटरसायकलवरून तहसीलला घेऊन गेला. मी नियम सांगितला: जागा तेवढेच उमेदवार उरले की ते बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर होतं. “म्हणजे कुणीच नाही हरवलं?” मी म्हटलं, “मतदान झालं असतं तर आईला किती मतं पडली ते कळलं असतं. आता ते कळायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी बाप शाळेत आला. चिडलेला नव्हता. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाला, “पोरगी रात्री आईला विचारत बसली, तुला किती मतं पडली असती. ती जेवली नाही. बाई, तुमची बदली होईल. आम्हाला ह्याच भावकीत राहायचंय. ट्रॅक्टर त्यांचा, विहिरीतली पाळी त्यांच्यासंगं.” मी त्याला चहा विचारला. दुसरं काय विचारणार होते?

माझी बदली झालीही.

त्या धड्याआधी मीच बिनविरोध गावांच्या बातम्या कापून फलकावर लावायचे, वर ‘एकोपा’ असं ठळक लिहून. ती बाई, म्हणजे तेव्हाची मीच, अजून माझ्याशी वाद घालते आणि तिचं सगळंच काही खोटं नसतं. केंद्राध्यक्ष म्हणून मी बसले आहे. दोन पॅनलमधले सख्खे भाऊ एकाच रांगेत एकमेकांकडे न बघता उभे राहतात, गुलालाच्या दिवशी पोलीस बोलवावे लागतात, त्यानंतर वर्षानुवर्षं एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद. ती विचारते, हे हवं का तुला? कधीकधी गाव खरोखर मनापासून एकत्र येतं, तेही मी पाहिलंय. पण त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाची बोली दोन कोटींवर गेली आणि राज्य निवडणूक आयोगानं तिथली निवडणूक रद्द केली. बोली लावणाऱ्यांच्या तोंडीही गावाचं एकमत आणि देवळाचं काम हेच होतं. मनापासून एकत्र आलेलं गाव आणि असं जुळवलेलं गाव, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. खरं कोणतं ते कळायला ज्याचं नाव यादीत नाही त्याला एकटं गाठून विचारावं लागतं. गुप्त मतदानात तेवढंच होतं.

म्हणून माझ्या वर्गात पुठ्ठ्याचा आडोसा असतो, मोबाईलवरचं मतदान यंत्र असतं, बोटाला मार्कर लावतो आणि हरलेल्याची मतंही फळ्यावर लिहिली जातात. चार पडली तर चार. क्रूर वाटतं तुम्हाला? असेल. त्या चौघांना तरी कळतं की आपण चौघं आहोत.

अर्ज मागे घ्यायचा तर एकट्यानं माझ्याकडे यायचं, मित्रांना व्हरांड्याबाहेर ठेवून, असाही नियम केला. गेल्या वेळी सातवीतला एक मुलगा आला. “बाई, मला मागंच घ्यायचाय. पण कारण विचारू नका.” मी विचारलं नाही, माघार नोंदवून घेतली. बाहेर कोण उभं होतं ते खिडकीतून दिसत होतं.

यंदा माघारच बंद करा, असं एक सहकारी सुचवतात. पण मग ज्याला खरोखर उभं राहायचं नाही त्यालाही मी जबरदस्तीनं उभं करणार. अर्ज भरायची तारीख जवळ आली आहे आणि नियमांचा कागद अजून तसाच कोरा आहे.