पाणी ४३ फुटांवर गेलं तेव्हा मला सातवा महिना होता

ऑगस्ट २०१९. आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीला लागून. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि गल्लीत एकच धावपळ उडाली. गणपतींचं रंगकाम अर्ध्यावर होतं. डोळे न आखलेल्या मूर्ती माणसं पाण्यातून डोक्यावर घेऊन माडीवर चढवत होती. मी जिन्यात उभी राहून पायऱ्या मोजत होते. रात्री नऊला चौथी पायरी बुडाली, पहाटे सातवी. शिरोलीजवळ हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, लाईट नाही. कळा सुरू झाल्या तर दवाखान्यात कसं जायचं, एवढंच डोक्यात. पाणी शेवटी ५५ फुटांच्या वर गेलं.

आत्ती दर तासाला म्हणायच्या, "टेन्शन घेऊ नकोस गं, पोराला बाधतंय." मायेनंच म्हणायच्या. पण पाण्याची भीती होतीच, त्यात आता आपण घाबरतोय याचीही भीती बसली. पोटावर हात ठेवून मी बाळाची माफी मागायचे.

लेक पूर्ण दिवसांची झाली, वजनही चांगलं. पण कुकरची शिट्टी झाली की अशी दचकायची की तासभर शांत व्हायची नाही. दोन वर्षांची झाली तरी चार-पाचच शब्द. एका बारशात नात्यातल्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोटात असताना तू घाबरलीस, त्याचंच हे." त्या रात्री मी जेवले नाही.

मग मी वाचत गेले. त्यांचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं, हे मान्य करायला मला वेळ लागला. आई घाबरली की तिच्या रक्तात कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढतं. वारेत, म्हणजे प्लासेंटात, एक एन्झाइम असतं, ते त्यातलं बरंचसं निकामी करून बाळापर्यंत थोडंच पोचू देतं. आईची काळजी फार वाढली, तर हे एन्झाइम कमी पडत असावं, असं काही अभ्यासांत दिसलंय. कॅनडात क्यूबेकला जानेवारी १९९८ मध्ये बर्फाचं वादळ आलं, कितीतरी दिवस वीज नव्हती. त्या वेळी गरोदर असलेल्या बायकांची मुलं संशोधकांनी वर्षानुवर्षं तपासली. ज्यांचे हाल जास्त झाले, त्यांच्या मुलांची भाषा दोन वर्षांच्या वयात सरासरीनं थोडी मागं होती. वाचताना मला आमचा जिनाच दिसत होता.

पण इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या भागात हजारो आयांवर झालेला अभ्यास वाचला आणि जरा श्वास आला. शेवटच्या महिन्यांत ज्या फार काळजीत होत्या, त्यांच्या मुलांत वागणुकीच्या तक्रारींचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. तरी त्यांतल्याही बहुतेक मुलांना काही झालं नव्हतं. जन्मानंतर जवळ घेणं, बोलणं, रडल्यावर धावून जाणं, यानं पुष्कळ भरून येतं, हेही कळलं. माझ्या लेकीचं बोलणं पुरामुळं लांबलं की तसंही लांबलंच असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. तिचे कान तपासले, स्पीच थेरपी केली. आता पहिलीत आहे, शाळेतून येते ती जिन्यापासूनच बोलत.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. नऊ महिन्यांत माझं वजन, बीपी, हिमोग्लोबिन दर वेळी लिहून घेतलं. रात्री झोप लागते का, हे एकदाही कुणी विचारलं नाही. आईच्या मनाची अवस्था जोखणारी दहा साध्या प्रश्नांची एक प्रश्नावली १९८७ पासून आहे, पाच मिनिटांत भरून होते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर आज फुकट मराठीत बोलता येतं. घाबरू नकोस म्हटल्यानं कुणाची भीती जात नाही. तिच्या भीतीचं कारण काय ते विचारून त्यातलं जमेल ते आपण उचलायचं असतं.

यंदा जाऊबाईंना सहावा महिना आहे. जून लागला तसं त्या मोबाईलवर सारखी पाण्याची पातळी बघायला लागल्या. मी म्हटलं, "काय वाटतंय ते सांगा." बराच वेळ बोलल्या, रडल्याही. दुसऱ्या दिवशी यांनी आणि भाऊजींनी कागदपत्रं, गॅस, गाद्या माडीवर नेल्या. ३९ फुटांचा इशारा आला की जाऊबाईंनी थेट राजारामपुरीत माहेरी जायचं ठरलंय. त्यांची बॅग भरून दाराशी ठेवलीय. लेकीनं त्यात आपली एक बाहुली टाकलीय, बाळासाठी.