बँकॉकला किती दिवस? किती रात्री ते नका मोजू, किती सकाळी ते मोजा

"बँकॉकला किती दिवस पुरेत गं?" हा प्रश्न मला दिवाळीच्या आधी एकदा आणि मग मार्चमध्ये, शाळांच्या परीक्षा संपत आल्या की परत एकदा, न चुकता येतो. मी इथे नोकरीसाठी राहते, ऑन नट नावाच्या भागात, आणि माझा नंबर आत्येभावापासून ते आईच्या भिशीतल्या काकूंच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांकडे पोचलेला आहे. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते, पुढच्याला लिंक पाठवता येईल.

चार सकाळी. हे माझं उत्तर. चार दिवस म्हटलेलं नाहीये, चार सकाळी म्हटलंय.

कारण बँकॉकमध्ये दिवस असा अख्खा मिळतच नाही. डिसेंबरमध्येसुद्धा दुपारी तिशीच्या वर पारा असतो आणि एप्रिलमध्ये तर बोलायलाच नको, त्यात दमटपणा मुंबईला लाजवेल असा. साडेअकरा-बारानंतर उघड्यावर फिरायचं म्हणजे पाय ओढत फिरायचं, पोरं किरकिर करतात, बाबा कुठेतरी कट्ट्यावर बसून घेतात आणि आई म्हणते "झालं आता बघून". सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलात तर संध्याकाळी पाऊस धरून बसतो, एकदा सुखुमवितला, म्हणजे इथल्या मुख्य रस्त्याला, पाणी तुंबलं की टॅक्सीत बसून मीटर बघत राहायचं. म्हणजे ऋतू कुठलाही असो, आपल्या हातात खात्रीची असते ती सकाळ. बाकी दुपारी मॉल, मसाज, झोप यात जातात आणि जाऊ द्याव्यात, त्याचा गिल्ट घेऊ नये.

आता या हिशोबाने तुमच्या हातात जे पॅकेज आहे ते बघा. चार रात्री पाच दिवस, दोन पट्टाया दोन बँकॉक, बरोबर ना? गावोगावच्या टूरवाल्यांकडे हाच कागद असतो, फक्त वरचा लोगो वेगळा. मुंबईहून रात्री उशिराचं विमान, साधारण चार-साडेचार तासांचा प्रवास, त्यात घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे झोप अशी होतच नाही आणि तुम्ही पहाटे सुवर्णभूमी एअरपोर्टला उतरता. तिथून बस थेट पट्टायाला, कारण हा एअरपोर्ट शहराच्या पूर्वेला आहे आणि पट्टायाचा रस्ता त्याच बाजूने निघतो. दुसरा दिवस कोरल आयलंड. तिसऱ्या दिवशी नाश्ता करून बँकॉककडे, पोचेपर्यंत दुपार, आणि मग भर उन्हात "हाफ डे सिटी टूर", त्यात एक सोन्याचा बुद्ध, एक संगमरवरी देऊळ आणि एक रत्नांचं दुकान. चौथा दिवस सफारी वर्ल्ड. पाचव्या दिवशी बॅगा भरा. मोजा बघू, बँकॉक शहराची सकाळ किती मिळाली? एकही नाही! आणि मग हीच मंडळी परत जाऊन सांगतात की बँकॉकमध्ये काही नाही हो, नुसते मॉल. असं नाहीये हो. तुम्ही बघितलंच नाहीत, तुम्हाला नुसतं उतरवलं आणि चढवलं.

पट्टायाला जाऊ नका असं मी म्हणत नाहीये, समुद्र हवाच असेल तर जा, पण मग त्या दोन रात्री बँकॉकच्या हिशोबात धरू नका एवढंच.

बरं, एक सकाळ म्हणजे नक्की काय, ते ग्रँड पॅलेसचं उदाहरण घेऊन सांगते, कारण तिथेच सगळे घाई करतात. साडेआठला दार उघडतं. तिकीट पाचशे बाथ. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, हाफ पँटवाल्यांना आत घेत नाहीत. जाताना रस्त्यात कोणी इस्त्रीच्या शर्टातला सभ्य माणूस भेटून म्हणेल की आज पॅलेस बंद आहे, दुपारी उघडेल, तोवर या टुकटुकने वीस बाथमध्ये दुसरी देवळं बघून या, तर हसून पुढे चालायचं, ते टुकटुक शेवटी खड्यांच्या दुकानात जातं. दारापर्यंत स्वतः जाऊन बघायचं.

आत गेल्यावर सगळे तिथल्या देवळातल्या मरकत बुद्धाकडे धावतात. मूर्ती छोटी आहे, दोन फुटांपेक्षा थोडी जास्त, उंच चौथऱ्यावर, आणि ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा तिची वस्त्रं बदलतात, ती स्वतः राजा बदलतो. सुंदरच आहे ते. पण मला विचाराल तर आपल्या माणसांनी खरा वेळ द्यावा तो देवळाभोवतीच्या ओवऱ्यांना. तिथे भिंतभर रामायण रंगवलंय, त्यांचं रामकियेन, १७८ चित्रं, सोनेरी रंगात, आणि छप्पर असल्यामुळे सावली. गाइड लोक दहा मिनिटांत पार करतात. अहो, तिथे तासभर जातो! पांढराशुभ्र हनुमान ओळखायला वेळ लागत नाही, आणि मग एकेक धक्के बसायला लागतात. एके ठिकाणी तो एवढा मोठा झालाय की रामाचा अख्खा मंडप त्याने तोंडात ठेवलाय, कारण रात्री मैयरापपासून रामाला वाचवायचंय. मैयराप म्हणजे आपल्या गोष्टीतला महिरावणच, हे कळलं की आजोबा लोक एकदम खूश होतात आणि पुढची गोष्ट तेच सांगायला लागतात. सेतू बांधायच्या प्रसंगात तर रावणाची एक मत्स्यकन्या मुलगी आहे, ती दगड पळवतेय आणि मारुतीराया तिच्या प्रेमात. हो, प्रेमात. इथला हनुमान ब्रह्मचारी वगैरे नाही. माझ्या एका मावशींनी ते ऐकून चक्क कानाला हात लावले होते आणि नंतर तिथेच सगळ्यात जास्त फोटो काढले.

हे असं बघायचं तर अकरा तिथेच वाजतात. मग चालत वाट फोला जा (वाट म्हणजे थाई भाषेत देऊळ), तो ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, त्याच्या तळपायावरचं शिंपल्यांचं काम जरूर बघा, आणि दम असेल तर ता तियनच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुण. मी तर म्हणते पलीकडे दुसऱ्या दिवशी जा. एका सकाळीत दोनच गोष्टी, तिसरी घेतली की तिन्हीचा चोथा होतो.

तर पहिली सकाळ ही. दुसरी चतुचकची, तो शनिवार-रविवारचा बाजार, पंधरा हजारांच्या वर गाळे आहेत असं सांगतात आणि आत शिरलं की खरंच वाटतं. नऊच्या सुमाराला पोचा, बारापर्यंत बाहेर पडा. यात मुद्दा असा की हा बाजार फक्त वीकेंडला. नॅशनल म्युझियम सोमवार-मंगळवार बंद. याओवारातला, म्हणजे चायनाटाउनमध्ये, सोमवारी खाण्याच्या बऱ्याच गाड्या लागत नाहीत. आंफवाचा तरंगता बाजार शुक्रवार ते रविवार. म्हणून "किती दिवस" इतकाच "कुठल्या वारी उतरताय" हा प्रश्न मोठा आहे, आणि तो मला आजपर्यंत कोणीही विचारलेला नाही. सोमवार ते गुरुवार स्वस्त तिकीट मिळालं म्हणून लोक येतात आणि मग मला विचारतात चतुचक कुठे आहे.

तिसरी सकाळ अयुथयाची. याला अख्खा दिवस धरतात, पण पहाटे निघालात तर दुपारी तीन-चारपर्यंत परत येता. उत्तरेला साधारण ८० किलोमीटर, साध्या गाडीचं थर्ड क्लासचं तिकीट वीस बाथच्या आसपास, लाकडी-रेक्झिनची बाकं, वर पंखे, खिडक्या उघड्या, मधेच कोणीतरी तळलेलं चिकन आणि भात विकायला येतं. आपल्या पॅसेंजरने प्रवास केलेल्यांना अगदी घरच्यासारखं वाटेल. फक्त एक लक्षात ठेवा, लांब पल्ल्याच्या गाड्या २०२३ पासून नव्या क्रुंग थेप अपिवत स्टेशनवरून सुटतात, जुन्या हुआ लाम्फोंगवरून काही साध्या गाड्याच उरल्यात, तेव्हा स्टेशनचं नाव बघून निघा. १३५० मध्ये वसलेलं शहर, चारशे वर्षं सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची, राजधानी, आणि १७६७ मध्ये बर्मी फौजांनी जाळून टाकलं, म्हणजे आपल्या पानिपतानंतर अवघ्या सहा वर्षांनी. मुंडकी उडवलेल्या बुद्धांच्या रांगाच्या रांगा आहेत तिथे. वाट महाथातमध्ये एक मस्तक झाडाच्या मुळांत गुंफलं गेलंय, त्याच्याबरोबर फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं त्याच्यापेक्षा वर ठेवायचं नाही, तिथला रखवालदार खुणेने सांगतोच. स्टेशनबाहेर सायकली भाड्याने मिळतात पण ऊन बघून ठरवा, आईवडील बरोबर असतील तर टुकटुक तासावर ठरवून घ्या.

चौथी सकाळ मोकळी ठेवा. सगळ्यात जास्त भांडण माझं याच्यावरून होतं. लोकांना मोकळी म्हणजे फुकट गेली असं वाटतं. तुम्ही लुम्फिनी पार्कात जा, सकाळी साडेसहाला, म्हाताऱ्या बायका ताय-ची हा संथ चिनी व्यायाम करत असतात, कुठे स्पीकर लावून एरोबिक्स, आणि तळ्याच्या काठाने माणसाएवढ्या लांब घोरपडी आरामात चाललेल्या असतात. पहिल्यांदा बघितलं की माणूस किंचाळतोच. इथल्यांना काही नाही, बाजूने जॉगिंग करत जातात. तिथेच आठपर्यंत थांबलात तर राष्ट्रगीत लागतं, आणि धावणारे, चालणारे सगळे जागच्या जागी उभे राहतात, संपलं की परत जिथे होते तिथून सुरू. संध्याकाळी सहालाही तेच, स्कायट्रेनच्या स्टेशनवरसुद्धा. घोरपड मात्र थांबत नाही.

आता रात्रींचा हिशोब. उतरता ती सकाळ धरू नका, हॉटेलचं चेक-इन दोनला, डोळे सुजलेले, त्या दिवशी बॅगा ठेवून कुठेतरी इडली नाहीतर नूडल्स खा आणि झोपा, संध्याकाळी मेट्रोने वाट मांगकोन स्टेशनला उतरून याओवारात फिरा. हे स्टेशन २०१९ मध्ये झालं, त्याआधी तिथे पोचायचं म्हणजे ट्रॅफिकमध्येच जेवणाची वेळ व्हायची. परतीच्या दिवसाची सकाळ मात्र धरा, विमान संध्याकाळी किंवा रात्री असेल तर. म्हणजे बुधवारी रात्री मुंबईहून निघालात, गुरुवारी पोचलात, शुक्र-शनि-रवि-सोम अशा चार सकाळी मिळाल्या आणि सोमवारी रात्री परत. ऑफिसच्या सुट्ट्या तीन. पॅलेस शुक्रवारी, चतुचक शनिवारी, अयुथया रविवारी, घोरपडी सोमवारी. बघा, टूरवाल्याच्या कागदावरच्याच चार रात्री आहेत या.

आईवडील बरोबर असतील तर लोक दिवस कमी करतात, "त्यांना झेपणार नाही" म्हणून. उलट करा. एक-दोन सकाळी वाढवा आणि रोज एकच गोष्ट ठेवा. सगळ्या स्कायट्रेन स्टेशनांना दोन्ही बाजूंना लिफ्ट नाही, जिने चढावे लागतात, आणि शाकाहारी असतील तर जेवण शोधण्यात वेळ जातोच, कारण भाजीच्या डिशमध्येही माशांचा सॉस असतो आणि दुकानदार मान हलवून "नो मीट" म्हणतो, तो खोटं बोलत नसतो, त्याच्या मते सॉस म्हणजे मीट नाहीच. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'जे', म्हणजे शाकाहारी, असं लिहिलेली दुकानं शोधा, नाहीतर फाहुरातला, म्हणजे इथल्या भारतीय वस्तीत, जा, गुरुद्वाराच्या आसपास पोळी-भाजी मिळते. मे महिन्याच्या सुट्टीत येणार असाल तरी एक सकाळ वाढवाच, ऊन आणि सुरुवातीचा पाऊस मिळून एखादी खातातच. आणि १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, असतो, पाण्याची मजा करायची असेल तरच तेव्हा या, देवळं शांतपणे बघायची असतील तर तो आठवडा सोडा.

सहा सकाळींच्या वर मात्र मी कुणाला सांगत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला त्यापुढे हे शहर तोचतोच मॉल दाखवायला लागतं, त्यापेक्षा रात्रीची गाडी पकडून चियांग माईला जा. काम घेऊन राहायला येणारे, लॅपटॉपवाले, त्यांचं वेगळं आहे, त्यांनी महिनाभर राहावं, त्यांना माझ्या सल्ल्याची गरजही नसते. व्हिसाचे नियम मधे मधे बदलतात, ते तिकीट काढायच्या आधी सरकारी साइटवर बघा, आणि येण्याचा डिजिटल फॉर्म पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरून ठेवा, तो फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

राहता राहिलं "तुझ्याकडे राहिलो तर चालेल का". चालेल की. एक सोफा आहे, दोघं कशीबशी मावतात, तिसऱ्याला गादी अंथरावी लागेल. फक्त येताना थालीपिठाची भाजणी आणा आणि वीकडेला मला साडेआठला निघायचं असतं, बाथरूम त्याआधी मोकळं ठेवा.