सभेत बसायला शिकवणारी शाळा

आपल्या शाळेने मला सभेत बसायला शिकवलं. गणित, इंग्रजी, व्याकरण शिकवलंच. पण ग्रामसेवक म्हणून उभी नोकरी ग्रामसभांची प्रोसिडिंगं लिहिण्यात गेल्यावर, शाळेतलं सगळ्यात जास्त काय कामी आलं असं कुणी विचारलं, तर मी शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक सांगेन. अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत तिच्याबद्दलच लिहायचं ठरवलं, कारण आजचं राजकारण बघताना ती वारंवार आठवते.

मी नववीत होतो. मुख्यमंत्रिपदासाठी दोघे उभे होते. एक उंचापुरा, कबड्डी संघाचा कर्णधार, बोलायला फर्डा. दुसरा कामसू, हुशार, पण बोलताना अडखळायचा. मी त्याचा सूचक. प्रचाराच्या भाषणात कर्णधाराने त्याच्या अडखळण्याची नक्कल केली. वर्ग हसला. मग त्याने तीच नक्कल पुन्हा केली, आणखी रंगवून. वर्ग बाकं बडवायला लागला.

इतिहासाचे सर मागच्या भिंतीशी उभे होते. आम्हाला वाटलं, आता छडी निघणार. सर सावकाश पुढे आले आणि म्हणाले, "जे हसले त्यांनी उभं राहा." निम्म्याहून जास्त वर्ग उभा राहिला. "याचं काय चुकलं ते मी याच्याशी बोलेन. पण पहिल्यांदा तुम्ही हसला नसतात, तर दुसऱ्यांदा करायची याची छाती झाली नसती."

मग त्यांनी दुसऱ्या उमेदवाराला बोलायला उभं केलं आणि घंटा होऊन गेली तरी त्याचं संपेपर्यंत कुणाला जागचं हलू दिलं नाही. त्याने एकच प्रश्न विचारला: पिण्याच्या पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली? निवडून कर्णधारच आला. टाकी मात्र त्याच आठवड्यात धुतली गेली.

त्याच वर्षीच्या जानेवारीत बॅरिस्टर नाथ पै गेले होते. १८ जानेवारी १९७१, बेळगावात, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी. तेव्हा आपण रत्नागिरी जिल्ह्यात होतो, सिंधुदुर्ग व्हायला अजून दहा वर्षं होती. वेंगुर्ल्यात जन्मलेल्या या प्रजा समाजवादी माणसाला राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून सलग तीनदा लोकसभेत पाठवलं होतं. सरांनी आम्हा नववीच्या पोरांना गोलकनाथ खटला समजावून सांगितला तो नाथ पैंमुळेच. मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला. त्यावर संसदेचा अधिकार पुन्हा स्पष्ट करणारं विधेयक आणलं ते विरोधी बाकावरच्या नाथ पैंनी, खासगी विधेयक म्हणून. विरोधकांतल्याही अनेकांना ते पटलं नाही. त्यांची बाजू बरोबर होती का, यावर मी आजही कुणाशी तासभर बोलेन. पण भांडण झालं ते कलमांवर आणि दाखल्यांवर. कुणाच्या आईबापावर, कुणाच्या जातीवर गेलं नाही. असा माणूस आपला खासदार होता, याचा आम्हाला त्या वयातही अभिमान वाटे.

त्यांच्यानंतर आले प्राध्यापक मधु दंडवते. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारा हा माणूस १९७१ च्या इंदिरा लाटेत विरोधी पक्षातून निवडून आला आणि ती धरून सलग पाच वेळा येत राहिला. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते, पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. १९७७ साली सुटून आलेला माणूस थेट रेल्वेमंत्री झाला. हातात सत्ता, मनात राग धरायला हजार कारणं. त्यांनी काय केलं, तर १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना परत कामावर घेतलं आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंची फोम बसवला. सभ्यपणा म्हणजे गोड बोलणं असं समजणाऱ्यांना मी हा फोम दाखवतो. जो उलटून काही करू शकत नाही त्याच्याशी सत्तेतला माणूस कसा वागतो, यावरून त्याची पारख होते.

नोकरीत मी याच्या उलटही पुष्कळ पाहिलं. एका गावात (नाव लिहीत नाही) ग्रामसभेत एक विधवा बाई उठली. नळपाणी योजनेच्या दुरुस्तीचं बिल एवढं कसं झालं, हे तिला विचारायचं होतं. "माका फक्त बिल बघूचा आसा," एवढंच म्हणाली. सरपंचांच्या शेजारी बसलेला एक कार्यकर्ता ओरडला, "तू कोण गो इचारणारी? आधी घरपट्टी भर, मगे तोंड उघड." सभा हसली. बाई पदर सावरत खाली बसली. तिची घरपट्टी भरलेली होती. पावती पुस्तकाची स्थळप्रत माझ्यासमोर टेबलावर होती, ती मी उघडून वाचून दाखवली, तोवर विषय पुढे गेला होता.

पुढच्या सभेला ती आली नाही. तिच्या वाडीतल्या बायकाही आल्या नाहीत. मग हळूहळू पुरुषही येईनासे झाले, कारण आपला अपमान कुणाला हवा असतो? आता कायदा बघा. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, गावच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी ती. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. म्हणजे पंधरा माणसांत वर्षाचा खर्च मंजूर. दमदाटीचा खरा हिशोब इथे लागतो. बाईला गप्प केलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की एका बाईचा अपमान झाला. प्रत्यक्षात गावाने बिल बघायचा हक्क सोडून दिला होता. दम देणाऱ्या पुढाऱ्याला आपण धडाडीचा म्हणतो. मला तर त्याचा आवाज चढला की आधी वाटतं, कुठला कागद लपवायचा आहे?

दुसऱ्या एका गावच्या सरपंच सातवी शिकलेल्या होत्या, महिला राखीव जागेवरून आलेल्या. जमाखर्च त्या स्वतः वाचायच्या, अक्षराला अक्षर लावून, पण स्वतः. एकदा विरोधी गटातले एक गृहस्थ हातवारे करत त्यांच्या अंगावर धावून आल्यासारखे बोलायला लागले. शिव्याही आल्या. बाई म्हणाल्या, "भावजीनु, बसान सांगा. तुमी सांगतास ता सगळा ग्रामसेवक प्रोसिडिंगात लिवन घेतले." मी पेन उघडलं. गृहस्थ थांबले, खुर्चीवर बसले, आणि तोच मुद्दा साध्या शब्दांत मांडला. मुद्दा बरोबर होता, रस्त्याची लांबी खरंच कमी भरली होती. बाईंनी तिथल्या तिथे फेरमोजणीचा ठराव घेतला. मतभेद मिटले नाहीत. पुढच्या निवडणुकीत ते दोघे एकमेकांविरुद्ध लढले आणि दोघांच्याही सभांना गाव आलं.

कुणी म्हणेल, पूर्वी काय सगळेच ऋषी होते? नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांनी मोरारजीभाईंवर जी लेखणी आणि जीभ चालवली, ती काही मवाळ नव्हती, आणि त्यातलं काही मलाही खटकतं. पण सत्तेबाहेरच्या माणसाने सत्तेवर केलेला तिखट मारा वेगळा आणि सत्तेतल्या माणसाने तलाठ्याला, शाखा अभियंत्याला, प्रश्न विचारणाऱ्या बाईला कॅमेऱ्यासमोर झापणं वेगळं. हल्ली अशा झापण्याच्या क्लिपा आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येतात आणि खाली टाळ्यांची चित्रं पडतात. त्या अभियंत्याकडे निधीच आलेला नसतो, हे मला ठाऊक असतं. टाळ्या देणाऱ्यांतल्या कित्येकांनाही ठाऊक असतं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावलं होतं की, धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्ती देईल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. सरांनी ते भाषण आम्हाला वाचून दाखवलं होतं. उभं राहायला सांगितलं होतं तेही याच समजुतीने, असं मला वाटतं. नेता बिघडतो तो त्याच्यापुढे बसलेल्यांच्या हसण्यावर.

आता शाळेकडे एक मागणं. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की मुलं खाऊ घेऊन घरी जातात आणि त्याच दिवशी पंचायतीत ग्रामसभा असते. येत्या वर्षी नववी-दहावीच्या मुलामुलींना शिक्षकांनी तिथे घेऊन यावं. मागे बसून ऐकू दे त्यांना, जमाखर्च वाचला जातो का, बाया बोलतात का, कोण कुणाला अडवतो. पोरं समोर बसलेली असली की मोठ्यांचीही जीभ जागेवर राहते. सरपंचांशी माझं बोलणं झालं आहे, त्यांची हरकत नाही. सतरंज्या पंचायत देईल. सभेआधी अजेंडा कसा वाचायचा आणि प्रश्न लेखी कसा द्यायचा, हे सांगायला मी आदल्या शनिवारी वर्गावर यायला तयार आहे.