पिवळी प्लेट

आमच्या लॅबमध्ये सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरसच्या आयजीजीची (पूर्वी लागण होऊन गेल्याची खूण असलेल्या अँटिबॉडीची) एलायझा ही रक्ततपासणी लावली, की शेवटचं ॲसिड पडल्यावर जवळजवळ सगळी प्लेट पिवळीधमक होते. पिवळं म्हणजे पॉझिटिव्ह. हळदीचा कार्यक्रमच. निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे अँटिबॉडी नसलेला तुलनेचा नमुना, तेवढा कोरा. नवीन मुलं घाबरतात, "मॅडम, काहीतरी चुकलं." मी म्हणते, कंट्रोल बघ आणि पुढे चल. उलट एखादा पेशंट निगेटिव्ह आला तर मी सॅम्पल पुन्हा लावते!

सायटोमेगॅलोव्हायरस हा हर्पीस कुळातला, म्हणजे कांजिण्या-नागिणीच्या व्हायरसचा चुलतभाऊ. अमेरिकेत चाळिशीपर्यंत निम्म्याहून अधिक लोकांना त्याची लागण झालेली असते. आपल्याकडे मोठ्या माणसांत दहातल्या नऊजणांना, तीही बहुतेकदा लहानपणीच. आईच्या दुधातून, लाळेतून. चिमणीच्या दातांनी तोडलेला पेरू आठवतोय ना? मध्ये फ्रॉकचं टोक असलं तरी व्हायरसला त्याचं काय! त्यामुळे 'हॉस्पिटलमधल्या किती पेशंटना आहे' असं कोणी विचारलं की मला हसू येतं. हॉस्पिटलबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही आहे.

मागे किडनी ट्रान्सप्लांटच्या तपासण्यांसाठी साताऱ्याकडच्या एक मावशी आल्या होत्या. त्या डोनर, मुलगा पेशंट. रिपोर्ट घेऊन गेल्या आणि दहा मिनिटांत खिडकीपाशी परत. 'पॉझिटिव्ह' एवढाच शब्द कोणीतरी त्यांना वाचून दाखवला होता.

"ताई, माझ्या किडनीतनं पोराला रोग जायचा का?"

रिपोर्टचा अर्थ सांगणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण मावशींचे हात थरथरत होते. म्हटलं, "मावशी, ह्याचा अर्थ एवढाच, की हा पाहुणा कधीतरी तुमच्याकडे आला आणि आत झोपून राहिलाय. तुमच्या मुलाचाही रिपोर्ट तसाच आहे. तुमच्याकडून त्याला जायचा तो बहुतेक पाळण्यातच गेला."

एक मात्र त्यांना सांगितलं नाही. ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली, की हा झोपलेला उठू शकतो. मग ताप, जुलाब, पांढऱ्या पेशी घसरणं, कधी फुप्फुसं, कधी डोळ्याचा पडदा. म्हणून काही महिने व्हायरसला दाबणाऱ्या व्हॅलगॅन्सिक्लोविरच्या गोळ्या देतात, नाहीतर ठरावीक दिवसांनी पीसीआर करून रक्तातला व्हायरस मोजत राहतात. तिथे प्रश्न 'आहे का'चा नसतो, 'किती'चा असतो. आकडा दोन आठवड्यांत चढत गेला, तर मी रिपोर्ट छापण्याआधी वॉर्डला फोन करते.

गरोदरपणातल्या टॉर्च तपासणीत (बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची तपासणी, त्यात सीएमव्हीही येतो) तर नुसती आयजीजी बघून रडवेल्या झालेल्या मुली किती पाहिल्यात, काही विचारू नका. त्यावर वेगळं लिहीन, कारण त्यात माझा राग जास्त आहे.

मावशींनी पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "तुम्हालाबी हाय का हो?"

"आहे की. शिकत असताना पहिलं सॅम्पल माझंच लावलं होतं."

"मग बरंय," म्हणाल्या आणि मुलासाठी चहा आणायला कँटीनकडे निघाल्या.