बीप वाजली म्हणजे जमा झालं?

अमेरिकेतल्या एका लहान गावच्या लायब्ररीत तीन महिने बदली लायब्रेरियन म्हणून काम केलं, तेव्हाचा हा प्रकार. कायमची लायब्रेरियन रजेवर, मदतीला निवृत्त स्वयंसेवक, आणि जाताना मागे ठेवलेल्या दोन पानांत अलार्मचा कोड अन् प्रिंटरच्या खोडी. पुस्तकं जमा कशी करायची, यावर अवाक्षर नाही. ते काय, सगळ्यांना येतंच!

मंगळवारी एक वयस्कर गृहस्थ बिल घेऊन आले. विणकामाचं पुस्तक, नव्या प्रतीची किंमत भरा म्हणून. उशिराचा दंड आता बऱ्याच लायब्रऱ्यांनी बंद केलाय, शिकागोनं २०१९ मध्येच केला; पण पुस्तक फार दिवस आलं नाही की सिस्टिम ते आपोआप ‘हरवलं’ ठरवते आणि त्याचे पैसे मात्र मागते. त्यांचं म्हणणं एवढंच, की पुस्तक दाराबाहेरच्या, पुस्तकं परत टाकायच्या पेटीत टाकलंय. त्यांच्या खात्यावर आधीच शेरा होता : ‘परत केल्याचा दावा, दुसऱ्यांदा. लक्ष ठेवा.’

असा दावा आला की आधी कपाट बघायचं, वाचकाचा चेहरा नंतर. लायब्ररीत पुस्तकं ड्यूई पद्धतीनं, विषयाच्या दशांशी आकड्याप्रमाणे लावतात; विणकाम ७४६.४३ ला. तिथं नव्हतं. ड्यूईतला दशांश हा नवख्यांचा हमखास सापळा : ४३ हे ९ पेक्षा मोठं, म्हणून ७४६.४३ उचलून ७४६.९ च्या पुढे लावतात. तिथं बघितलं, तर पुस्तक उभं! म्हणजे ते पेटीतून आत आलं होतं, कुणीतरी कपाटातही लावलं होतं. फक्त सिस्टिमला पत्ता नव्हता.

मग तेच पुस्तक मुद्दाम स्वयंसेवकांच्या पद्धतीनं, मागचं कव्हर वर करून, स्कॅनरखाली धरलं. बीप. स्क्रीनवर लाल पट्टी : अशी प्रत नाही.

मागच्या कव्हरवरचा बारकोड असतो प्रकाशकाचा, १३ आकडी, बहुधा ९७८ ने सुरू होणारा. लायब्ररीचा वेगळा, इथं १४ आकडी. पुस्तकाचा ३ ने सुरू होतो, वाचकाच्या कार्डाचा २ ने. या पुस्तकावर तो आतल्या बाजूला, शेवटच्या पानावर होता. देणगीतल्या पुस्तकांना पूर्वी तसाच लावत. आणि स्कॅनर म्हणजे शेवटी एक कीबोर्ड. दिसेल तो बारकोड वाचतो, आकडे टाईप करतो, एंटर मारतो. त्याची बीप म्हणजे ‘वाचलं’. ‘जमा झालं’ हे स्क्रीन सांगते. कर्सर भलत्या खिडकीत असला, तरी बीप तशीच वाजते. चुकीच्या नोंदीचा खर्जातला आवाज सिस्टिमला आहे, पण तो कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून येतो, आणि वाचनालयात शांतता हवी म्हणून स्पीकर बंद! सोमवारी पेटी तुडुंब भरलेली, हात बीपच्या तालावर चाललेले, नजर पुढच्या पुस्तकावर. स्क्रीनकडे कोण बघतंय?

दुपारभर बाकी सगळं बाजूला ठेवलं. मुदत उलटलेल्या आणि ‘हरवलेल्या’ पुस्तकांची यादी वर्गांकाप्रमाणे छापली आणि ती घेऊन कपाट न् कपाट फिरले. चौदा पुस्तकं जागेवर किंवा जागेच्या आसपास सापडली, एकूण एक आतल्या बारकोडची. त्यातल्या तीन पुस्तकांवर दुसऱ्या वाचकांचं आरक्षण होतं. आरक्षण जागं होतं ते पुस्तक जमा होताना. जमाच झालं नाही म्हणून ती माणसं थांबलेली, आणि पुस्तक त्यांच्यापासून चार पावलांवर.

दुरुस्ती सोपी, वेळखाऊ. लायब्ररीच्या बारकोडची दुसरी प्रत छापून बाहेर लावायची आणि प्रकाशकाचा बारकोड मारून टाकायचा. त्यावर मार्करची आडवी रेघ ओढून भागत नाही. स्कॅनर रेघेच्या वरचा किंवा खालचा भाग वाचतोच. रेघ उभी हवी, जाड, बारकोडच्या पट्ट्यांना समांतर आणि पूर्ण उंचीची, म्हणजे दोन-तीन पट्ट्या एकमेकींत मिसळतात. गुळगुळीत कव्हरवर शाई पुसली जाते, तिथं सरळ कोरं लेबल चिकटवलं.

स्वयंसेवकांना राग आला. ‘मशीन वाजलं होतं,’ त्यांचं एकच पालुपद. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बीप म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला खुपतो तो खात्यावरचा शेरा. कपाट न बघता तो लिहिला गेला होता, तोही दोनदा. आणि पुस्तक जमा झालं की वाचकाचं नाव त्यापासून तोडलं जातं. गोपनीयतेसाठी ते योग्यच. पण त्यामुळे आधी कुणाकुणाचे दावे असेच खरे होते, ते शोधायला वाट उरत नाही.

बिल रद्द केलं, शेरा खोडला. ते गृहस्थ नंतरही येत राहिले. पेटीत मात्र पुन्हा कधी टाकलं नाही. पुस्तक काउंटरवर ठेवायचे, पावती मागायचे, चष्मा लावून नाव ताडून बघायचे आणि मगच हात पुस्तकावरून काढायचे.