पौषातली वारी आणि वाटेतला वाघ

वारी म्हटलं की बहुतेकांना आषाढ, पाऊस आणि पंढरपूर आठवतं. आम्हा नाशिककरांची एक वारी मात्र पौषातल्या कडाक्याच्या थंडीत असते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तीनाथांची यात्रा भरते आणि त्याआधी काही दिवस निफाड, सिन्नर, नगर, खानदेश अशा चहूबाजूंनी दिंड्या निघतात. या वर्षी मी आईच्या माहेरच्या, निफाड तालुक्यातल्या दिंडीत नाशिकला सामील झाले. नाशिक ते त्र्यंबक अंतर सुमारे 28 किलोमीटर. गाडीनं गेलं तर खिडकीतून फक्त बोर्ड दिसतात. पायी गेलं की माणसं दिसतात, आणि पाखरंही.

सातपूरला पहिल्या पाळीचे कामगार दुचाकी बाजूला लावून विणेकरी बाबांच्या पाया पडत होते. टाळांचा आवाज, कारखान्याचा भोंगा आणि तारेवर ओळीनं बसलेले वेडे राघू, असं सगळं एकाच वेळी चाललेलं. कोणी कोणाच्या वाटेत येत नव्हतं. पिंपळगाव बहुल्याच्या पुढे शेतं लागली तशी धोबी पक्ष्यांची जोडी ओल्या बांधावर शेपट्या हलवत तुरुतुरु पळताना दिसली. हे पाहुणे थंडीपुरते उत्तरेकडून येतात, उन्हाळा लागला की परत जातात. आमच्या तुळसवाल्या आजी त्यांना बघून दरवेळी थांबायच्या आणि चोपदार दरवेळी म्हणायचे, "आजी, चला, रांग मोडती."

दिंडीही बदलली आहे. सामानाच्या ट्रॅक्टरवर आता मोबाइल चार्ज करायला लाकडी फळीवर प्लगांची रांग असते. मुक्काम कुठे, चहा कोणाकडे, हे व्हॉट्सअॅपवर कळतं. सुनांना त्यामुळे घरी लेकरांचं तोंड बघता येतं, मला हे फार आवडलं. न आवडलेली गोष्टही सांगते. काही रथांवरचे कर्णे इतके मोठे लावलेले असतात की मागच्या दिंडीचा पखवाज ऐकूच येत नाही. पखवाजाच्या तालावर पाय पडला तरच पावली, म्हणजे वारकऱ्यांचं नाचतं पाऊल, जमते. आमच्या विणेकरी बाबांनी कर्णा लावूच दिला नाही, त्याबद्दल त्यांना मनापासून नमस्कार. 2027 च्या सिंहस्थाच्या तयारीचीही चर्चा वाटेत जागोजागी ऐकू येत होती. रस्ता कितीही रुंद होवो, पायी चालणाऱ्याला कडेला सावलीचं झाड आणि चालायला मातीची पट्टी लागतेच, ती ठेवावी एवढंच माझं मागणं आहे.

महिरावणीच्या अलीकडे चहाला टेकलो तेव्हा शेजारी बसलेल्या मावशी सारख्या फोन बघत होत्या. घरी कोणी आजारी आहे का, असं मी विचारलं.

"नाही गं पोरी. आमच्या बांधाला लागून ऊसतोड चालू आहे ना, तिथं काल बिबट्याची पिल्लं सापडली. दोन. तोड बंद केली लगेच. फॉरेस्टवाले आले, डॉक्टरनं तपासली आणि संध्याकाळी द्राक्षाच्या क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली. रात्री आई येऊन नेते म्हणे. काल काही आली नाही."

"मग आज?"

"आज पुन्हा ठेवणार. ती बिचारी कुठंतरी उसातच बसली असंल ना, माणसं हटायची वाट बघत."

निफाडच्या उसात बिबट्याच्या माद्या पिल्लं घालतात हे आता तिथल्या लहान मुलालाही माहीत असतं. बारा-चौदा महिने उभं राहणारं दाट पीक, पाण्याची पाटचारी, वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या. मादीला आणखी काय हवं? अडचण माणसाची होते. विजेची पाळी रात्रीची असली की पाणी भरायला बॅटरी घेऊन त्याच उसात जावं लागतं. मावशींच्या घरातली माणसं अशीच जातात. भीती वाटते का, असं विचारलं तर म्हणाल्या, "वाटते ना. म्हणून तर दिवसाची वीज मागतो. पण पिल्लाला आई भेटावी, हे पण वाटतंच की."

यावर विणेकरी बाबांनी जी गोष्ट काढली तिनं दिंडीचा पुढचा सगळा रस्ता भरून गेला. विठ्ठलपंत मुलांना घेऊन ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होते. रात्रीची वेळ, घनदाट रान. समोर वाघ आला, सगळे पळाले, त्या धावपळीत थोरला निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला. त्या गुहेत गहिनीनाथ बसलेले. तिथं त्याला गुरू मिळाला, आणि त्यानं पुढे धाकट्या ज्ञानदेवाला उपदेश केला. "म्हणजे बघा," बाबा म्हणाले, "वाघ आडवा आला नसता तर?" एका तरुणानं लगेच चांगदेव वाघावर बसून आले त्याची आठवण दिली. दुसऱ्यानं नामदेवांची भाकरी पळवणारं कुत्रं काढलं, ज्याच्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. पैठणचा रेडा तर राहूच शकत नव्हता. तळेगाव येईपर्यंत वाद रंगला होता, संतांच्या गोष्टींतून जनावरं वगळली तर उरेल काय?

तळेगावच्या पुढे त्र्यंबक तालुक्यातल्या एका पाड्यावरचे काका आमच्याबरोबर चालू लागले. महादेव कोळी समाजातले. त्यांनी शांतपणे सांगितलं, "आमच्याकडं वाघदेव असतो. लाकडात नाहीतर दगडात वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, कुठं नाग, कुठं मोर. दिवाळीच्या वाघबारशीला गुराखी पोरं घरोघरी तांदूळ मागतात, रानात खीर करतात आणि वाघाला म्हणतात, आमची गुरं सांभाळ." वाघाच्याच हवाली गुरं करायची! मला हे ऐकून इतका आनंद झाला की मी त्यांना तेच पुन्हा सांगायला लावलं. पट्टेरी वाघ या डोंगरांतून कधीच गेला, पूजा मात्र चालू आहे आणि तिचा वारसा आता बिबट्याकडे आला आहे.

अंजनेरीचा कडा दिसू लागला तेव्हा दुपार कलली होती. कड्यावरचे पांढरे ओघळ मी काकांना दाखवले. तिथं गिधाडांची घरटी आहेत. लांब चोचीची गिधाडं याच थंडीत तिथल्या कपारींत अंड्यावर बसतात, वर्षाला एकच अंडं. "पूर्वी मेलेल्या बैलावर पन्नासेक उतरायची," काका म्हणाले. गुरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधानं ती गेली. असं औषध टोचलेलं जनावर मेलं आणि ते खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. भारतात जनावरांसाठी ते 2006 मध्ये बंद झालं. आता हरसूलकडे खोरीपाड्याला वनखातं आणि गावकरी मेलेली गुरं गिधाडांसाठी ठेवतात. अर्धी दिंडी माना वर करून उभी राहिली. दोन गिधाडं पंख न हलवता कड्याला वळसा घालून गेली. आजींनी हात जोडले. जटायूचं मानलं जाणारं टाकेद गाव नाशिकपासून लांब नाही, त्यांना कारण विचारावं लागलं नाही.

एकादशीला सकाळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी मिळाली. भगर म्हणजे वरई, आणि ती याच डोंगरउतारांवर नागलीच्या शेजारी पिकते. उपवासाचं अन्न जिथं उगवतं तिथंच बसून खाल्लं. एका माकडानं बाबांच्या पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू नेला आणि बाबांनी दुसराही त्याच्या पुढ्यात ठेवला.

दर्शनाची रांग कुशावर्त तीर्थाच्या बाजूला वळली होती. तिथं मावशींचा फोन वाजला. एका कानावर बोट ठेवून त्या ओरडल्या, "नेली? दोन्ही नेली?" मग आम्हाला सांगितलं, पहाटे एकेक करून उचलून नेली, कॅमेऱ्यात आलंय. रांगेतल्या अनोळखी माणसांनीसुद्धा निवृत्तीनाथ महाराजांचा जयजयकार केला. मावशींनी डोळे पुसले आणि फोनवर पुढचं विचारायला लागल्या, राहिलेला फड तोडायला टोळी परवा लावायची की आणखी दोन दिवस थांबायचं.