शून्य टक्क्यांचा प्रबंध

विद्यापीठाच्या ग्रंथालयात पीएच.डी.चे प्रबंध वाङ्मयचौर्यासाठी तपासायचं काम माझ्याकडे आहे. मध्यंतरी नाशिक भागातल्या ओव्यांवरचा एक प्रबंध आला आणि इतर लेखनाशी साम्याचा रिपोर्ट निघाला शून्य टक्के. मार्गदर्शक सर खूश. "बघा मॅडम, अस्सल काम! करा सही."

मला ते शून्य पचेना. 'प्रस्तुत संशोधनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे' एवढं तरी कुणाशी जुळतंच. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला, तर तिथे नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. टायपिंग जुन्या डीटीपी फॉन्टमधलं, म्हणजे दिसायला मराठी, पण आत रोमन अक्षरं. सॉफ्टवेअरने मराठी वाचलंच नव्हतं, मग जुळणार काय?

मजकूर युनिकोडमध्ये करून पुन्हा तपासला. ५८ टक्के! जवळजवळ सगळं साम्य शोधगंगेवरच्या, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या, एकाच प्रबंधाशी. सर म्हणाले, "ओव्या लोकांच्याच असतात, त्या जुळणारच." हे मात्र खरं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८च्या नियमांत संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची मोजायची नसते. एकेक ओवी बाजूला काढत बसले. उरले ४७. ओव्यांखालचं विवेचन जसंच्या तसं उचललेलं होतं, फक्त गावं बदललेली. एका पानावर बदलायचं राहून गेलं होतं. गोदावरीच्या मुलखातल्या प्रबंधात 'कृष्णाकाठच्या या बायका' दळण दळत होत्या.

"सातच टक्के जास्त आहेत, चाळिसाच्या आत येईल का बघा ना," सर म्हणाले. घासाघीस कशासाठी ते कळत होतं. दहापर्यंत माफ, दहाच्या वर चाळीसपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, चाळीस ओलांडले की वर्षभर प्रबंध देता येत नाही आणि साठच्या पुढे नोंदणीच रद्द. त्याच नियमांतल्या व्याख्येत टक्क्यांचं नाव नाही. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून खपवणं, एवढंच आहे. पण विभागात चर्चा होते ती आकड्याचीच. उद्या हेच विवेचन कुणी शब्द फिरवून लिहिलं, तर माझं मशीन आनंदाने पास करील.

निर्णय माझ्या हातात नव्हता. दोन्ही रिपोर्ट आणि ते कृष्णाकाठचं पान विभागाच्या समितीकडे पाठवलं. समितीला ४५ दिवस असतात. विद्यार्थी स्वतः कॉलेजात शिकवणारा. सुनावणीत त्याने नकार दिला नाही. पुढे रीतसर एक वर्षाची बंदी आली.

प्रबंधात वाङ्मयचौर्य नाही, असं प्रमाणपत्र मार्गदर्शकाला द्यावं लागतं. सरांनी ते दिलेलंच होतं, सही-शिक्क्यासह. वेतनवाढ रोखणं, मार्गदर्शकपद काही वर्षं थांबवणं या शिक्षा प्रकाशित लेखनासाठी आहेत. प्रबंधांच्या तक्त्यात फक्त विद्यार्थी आहे. सरांकडे नव्या सत्रात आणखी दोन विद्यार्थी आलेत.